छायाताईंचा पॉइंट

त्या सकाळी फुलबाजाराच्या कोपऱ्यावर, कागदोपत्री, महिला हवालदार छाया पगारे उभ्या होत्या. प्रत्यक्षात तिथे तेजस्विनी उभी होती.

यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. बंदोबस्तात असं चालतंच. एखाद्याच्या घरी कुणी आजारी असतं, एखादीच्या मुलाची शाळेत मीटिंग असते, मग दुसरा कुणीतरी त्याच्या पॉइंटवर उभा राहतो आणि पुढच्या वेळी तो परतफेड करतो. हजेरी घेणारा अधिकारी बहुतेक वेळा दुसऱ्या ठाण्याचा असतो. तो नावं पुकारतो आणि डोकी मोजतो. डोकी भरली की त्याचं काम झालं.

छायाताईंनी आदल्या संध्याकाळी फोन केला होता.

"तेजू, उद्या माझ्या पॉइंटवर उभी राहशील का गं? सकाळचे दोनेक तास. संजनाचं जळगावला ग्राउंड आहे."

संजना ही छायाताईंची मुलगी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तिची ती दुसरी खेप होती. पहिल्या वेळी आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर पायात गोळा येऊन ती खाली बसली होती.

"रजा टाका ना, ताई."

"टाकली होती. मंत्री येणार म्हणून नामंजूर झाली. अगं, मला काही आत सोडणार नाहीत. गेटबाहेरच उभी राहीन. पण मी बाहेर आहे एवढं तिला माहीत असलं ना, तरी ती पळेल."

तेजस्विनी हो म्हणाली. छायाताईंनी तिला नोकरीच्या पहिल्या वर्षात खूप सांभाळून घेतलं होतं. लाठी कशी धरायची इथपासून ते साहेबांशी कधी बोलायचं नाही इथपर्यंत सगळं तिला त्यांनीच शिकवलं होतं. शिवाय तेजस्विनी मोकळीच होती. फौजदाराच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी तिने अर्जित रजा घेतली होती आणि गंगापूर रोडच्या खोलीत दिवसभर पुस्तक घेऊन बसून तिला कंटाळा आला होता.

आपण रजेवर आहोत, ही गोष्ट तिच्या लेखी तेव्हा फक्त एक सोय होती.

सकाळी तिने गणवेश चढवला. "छाया पगारे!" असा पुकारा झाल्यावर "हजर, सर!" म्हणाली. वरून चकाकत्या पट्ट्यांचं जाकीट घातलं, त्याखाली तिच्या नावाची पट्टी झाकली गेली, आणि ती फुलबाजाराच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली.

सिंहस्थाच्या कामांची पाहणी करायला मंत्री घाटाकडे जाणार होते. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या फुलवाल्या बायकांना तासभर उठायचं होतं. बहुतेक जणी बडबडत का होईना, उठल्या. एक म्हातारी मागे राहिली. तिच्यापुढे झेंडूने भरलेले प्लास्टिकचे तीन कॅरेट होते आणि ती एकेक करून भिंतीकडे नेत होती.

"आजी, आवरा लवकर. गाड्या निघाल्यात तिकडून."

"आवरतेच हाय की. पळून चालले का मी?" म्हातारीने शेवटचा कॅरेट उचलला, कमरेला हात लावला, आणि तो सरळ तेजस्विनीच्या हातात दिला. "धर गं पोरी जरा. कंबर धरलीय माझी."

तेजस्विनीने तो धरला. सायखेड्याला तिच्या घरी तिने टोमॅटोचे असे शेकडो कॅरेट उचलले होते. कुणी कॅरेट पुढे केला की हात पुढे व्हायचे. लाठी काखेत आणि दोन्ही हातांत झेंडू, अशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

भिंतीजवळून एक आवाज आला, "सरुकाकू, बरं झालं बाई! सरकारी हमाल भेटला!"

सगळ्याजणी हसल्या. पलीकडच्या पॉइंटवरचे दोन होमगार्ड हसले. एकजण म्हणाली, "मॅडम, माझं पण एक हाय बरं का, मोगऱ्याचं. हलकंच हाय." आणि आणखी हसू उठलं. त्यात वाईट काही नव्हतं. म्हातारीसुद्धा हसत होती.

तेजस्विनीने कॅरेट सोडून दिला. तो आपटला, फुलं रस्त्यावर पसरली. "अगं अगं," करत म्हातारी ती गोळा करायला खाली वाकली. तेजस्विनीने काखेतली लाठी काढली आणि मारली.

हाड मोडल्याचा आवाज कोरडा असतो. तो तिच्याइतकाच भिंतीजवळच्या बायकांनाही ऐकू गेला असावा, कारण त्या एकदम गप्प झाल्या. कुणी मोबाईल काढायच्या आत सगळं संपलं होतं. दोघींनी म्हातारीला धरून बाजूला नेलं. थोड्या वेळाने गाड्यांचा ताफा त्या फुलांवरून गेला.

*

म्हातारीचं नाव सरुबाई. मखमलाबादकडे तिची थोडी जमीन, त्यात फुलं. मुलगा भारत सातपूरला एका कारखान्यात कामाला. उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं होतं. हे सगळं तेजस्विनीला नंतर भारतच्या तक्रारीतून कळलं. मारणारीचं नाव तिथल्या बायकांना सांगता येईना, तेव्हा त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्या कोपऱ्यावर कोण नेमलेलं होतं ते काढलं. उत्तर आलं: छाया पगारे. ठाण्याने दाद दिली नाही म्हणून तो कोर्टात गेला. कोर्टाने पोलिसांकडून अहवाल मागवला.

ठाण्याचे रायटर, म्हणजे सगळं लेखी काम सांभाळणारे हवालदार, भिमाजी काका. त्यांनी दोघींना ठाण्याच्या मागे बोलावलं, जिथे जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडलेल्या असतात. त्यातल्या एकीच्या सीटवर ते बसले. छायाताईंनी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं.

"तर छाया," ते म्हणाले, "तू त्या म्हातारीला मारलंस."

"काका, मी जळगावला होते."

"कागदावर नव्हतीस."

"अहो पण..."

"ऐक. तू तिथे नव्हतीस असं म्हणालीस, तर गैरहजर. निलंबन. आणि ही होती असं म्हणालीस, तर ही कोण? ही रजेवर, म्हणजे त्या दिवशी पोलीसच नाही. गणवेश घालून रस्त्यावर आलेली एक पोरगी. हिने मारलं तर ते सरळ मारणं झालं. तू मारलंस तर ते कर्तव्य झालं." त्यांनी सीटवर थाप मारली. "कलम एकशे सत्त्याण्णव. सरकारची परवानगी असल्याशिवाय कोर्टाला हात लावता येत नाही. आणि बंदोबस्तातल्या लाठीला परवानगी मिळालेली माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिलेली नाही."

"आता दोनशे अठरा झालंय ते," तेजस्विनी म्हणाली. "नव्या संहितेत."

"झालं असेल. भाव तोच आहे."

छायाताईंनी तेजस्विनीचा दंड धरला. "मग प्रश्नच कुठे आहे? मी म्हणते मीच मारलं. मला काही होत नाही, तुलाही काही होत नाही. तू माझ्यासाठी उभी राहिलीस ना? मग आता मी राहते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "संजना पास झाली गं ग्राउंडमध्ये. पहिल्या पाचात आली."

"अभिनंदन, ताई," तेजस्विनी म्हणाली.

"आणि लिहिणार कोण हे जबाबाचं?" भिमाजी म्हणाले. "माझं मराठी म्हणजे 'सदर इसम सदर ठिकाणी'. तू लिही, तू शिकलेली आहेस. कोर्टात टिकलं पाहिजे."

तिने लिहिलं.

आधी तिने कायदा वाचला. भौतिकशास्त्रात पदवी घेताना लागलेली ती सवय होती. दुसऱ्याने सांगितलेलं मूळ ठिकाणी पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. परवानगीचं कलम भिमाजी काका म्हणाले तसंच होतं. कर्तव्य बजावताना, किंवा बजावतो आहोत अशा समजुतीने केलेलं कृत्य. तिला ते वाईट वाटलं नाही. दंगलीत दगड खाणाऱ्या शिपायाला रोज कोर्टात खेचलं तर उद्या कोण उभं राहील, हे तिला कळत होतं. मग पोलीस अधिनियमात तिला दुसरं एक कलम सापडलं. प्रत्येक पोलीस कायम कर्तव्यावर आहे असं मानलं जाईल, असं त्यात होतं. ते वाचून तिला क्षणभर सुटल्यासारखं झालं. मग तिने ते पुन्हा वाचलं. रजेवर किंवा निलंबित नसलेला प्रत्येक पोलीस, असं ते होतं.

म्हणजे छायाताई जळगावला गेटबाहेर उभ्या असतानाही कर्तव्यावर होत्या, आणि ती फुलबाजारात लाठी घेऊन उभी असतानाही नव्हती.

जबाबात तिने लिहिलं की जमाव सूचना देऊनही हटत नव्हता, वाहनांचा ताफा जवळ आला होता, म्हणून कमीत कमी बळाचा वापर करून नियमाप्रमाणे गुडघ्याच्या खाली लाठी मारली. त्याच वेळी सदर महिला अचानक खाली वाकल्याने तिच्या हातास इजा झाली. गुडघ्याच्या खाली हे खरं होतं. सरुबाईंचा हात जमिनीवर होता, आणि जमीन सगळ्यांच्याच गुडघ्याच्या खाली असते. लाठीची उंची मोजली असती तर ती नियमात बसली असती. तिने फक्त दोन घटनांचा क्रम बदलला. आधी वाकणं आणि मग मारणं होतं. ते तिने 'त्याच वेळी' केलं.

भिमाजींनी वाचून तिची पाठ थोपटली. "वकील व्हायला पाहिजे होतीस."

रजेतले उरलेले दिवस तिने अभ्यास केला नाही. पुस्तक उघडून ती लाठीचं वजन आणि वेग यावरून आघाताची ऊर्जा काढत बसे. आकडा यायचा. साठीतल्या बाईच्या हाडाला किती पुरतं तेही तिने शोधून काढलं. गणित बरोबर होतं आणि त्याचा तिला काही उपयोग नव्हता. एकदा भाजी घ्यायला गेली असताना कोपऱ्यावर झेंडू दिसला, तर ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. खोलीवरची मैत्रीण म्हणाली, "तुला काय झालंय? ताप आहे का?" तर तिने हो सांगितलं.

*

चौकशी सहायक आयुक्त साहेबांकडे होती. त्यांच्याकडचा टंकलेखक सुटीवर होता. ठाण्यात सगळ्यांत भरभर मराठी टाईप करणारी तेजस्विनी, म्हणून तिलाच पाठवलं.

"डोकं दुखतंय म्हण," छायाताई म्हणाल्या. "पाळी आलीय म्हण. काहीही म्हण. म्हातारीने ओळखलं म्हणजे?"

"ओळखलं तर काय?" भिमाजी म्हणाले. "रजेवर होती ना ही. उलट बरंच आहे."

तेजस्विनी नाही म्हणू शकली असती. पण तिला तो हात पाहायचा होता. हाड सरळ जुळलंय की वाकडं, एवढं एकदा कळलं की आपल्याला झोप लागेल असं तिला वाटत होतं.

साहेबांच्या खोलीत ती भिंतीकडच्या टेबलावर संगणकामागे बसली. छायाताई आणि भिमाजी दाराजवळ उभे होते. सरुबाई आल्या. उजव्या हाताला अजून प्लास्टर होतं, कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत, कडेला मळलेलं. त्यामुळे हाड कसं जुळलंय ते दिसलं नाही. बाहेर आलेली बोटं सुजलेली होती आणि त्या ती अधूनमधून डाव्या हाताने चोळत होत्या. भारत मागे फाईल घेऊन उभा होता. रात्रपाळी करून तसाच आला असावा, त्याचे डोळे लाल होते.

"बसा, आजी," साहेब म्हणाले. ते आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी छायाताईंचा जबाब वाचून दाखवला. "हे बरोबर आहे?"

"नाय सायेब. मी आधी वाकले. फुलं सांडली व्हती म्हणून वाकले. मंग मारलं."

"म्हणजे मारणाऱ्या बाईंना तुम्ही वाकलेल्या दिसत होतात?"

"आता दिसनार नाय का? पायाशीच तर व्हते."

तेजस्विनीने ते टाईप केलं.

"ठीक आहे. या दाराजवळच्या मॅडम पाहा. त्या दिवशी तिथे यांची ड्युटी होती. याच होत्या ना?"

सरुबाईंनी छायाताईंकडे पाहिलं. छायाताई अंगाने चांगल्या भरलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या. त्यांनी मान खाली घातली होती.

"ही नव्हं."

"नीट पाहा."

"बघितलं की. ही नव्हं. ती बारीक पोर व्हती, लग्न न झाल्याली दिसत व्हती."

भारत खाली वाकून आईच्या कानात बोलू लागला, पण खोली लहान होती. "आई, हीच म्हण. कागदावर हिचंच नाव हाय. वकील काय म्हनले? नाव जुळलं नाय तर सगळं बारगळतंय."

"अन् हिनं मारलंच नाय तर?"

"तू एवढंच म्हण ना! लय विचार नको करू."

"तुझ्या वकिलाला सांग, मार मी खाल्लाय, त्यानं नाय." सरुबाई जरा मोठ्यानेच बोलल्या. "हिच्या घरी पोरंबाळं असतील. जिनं मारलं नाय तिचं नाव कसं घेऊ?"

छायाताईंनी पदर नसतानाही खांद्यावरून हात फिरवला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग कोण होतं, आजी?"

सरुबाईंची नजर खोलीभर फिरली. भिमाजींवरून, खिडकीवरून. मग संगणकाच्या बाजूने थोडं झुकून त्यांनी तेजस्विनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ती काय, तिथं बसलीय. माझा कॅरेट धरला व्हता तिनं."

साहेब हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा थोडा सैलावला. "ही? तेजस्विनी, त्या दिवशी कुठे होतीस तू?"

"रजेवर होते, सर."

हे उत्तर शब्दशः खरं होतं आणि तिच्या तोंडून ते लगेच निघालं.

"अर्जित रजा, साहेब," भिमाजी म्हणाले. "परीक्षेच्या अभ्यासासाठी. मंजुरीचा कागद मीच काढलाय."

"पाहिलंत, आजी? या मॅडम त्या दिवशी कामावरच नव्हत्या."

सरुबाई गोंधळल्या. त्यांनी पुन्हा तेजस्विनीकडे पाहिलं, मग भारतकडे. भारतने कपाळाला हात लावला होता.

"मंग चुकलं आसंल माझं," त्या म्हणाल्या. "त्या टोपीत सारख्याच दिसत्या गं तुम्ही. अन् माझी नजरबी आता..." त्यांनी डावा हात उचलून तेजस्विनीच्या दिशेने जोडल्यासारखा केला, दुसरा हात उठत नव्हता. "माफ कर हां, पोरी. नोकरीवाल्या पोरीवर उगाच आळ घेतला."

"असू दे," तेजस्विनी म्हणाली.

साहेब सांगू लागले. "लिही. जखमी महिला यांना नेमणुकीवरील कर्मचारी ओळखता आलेल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी रजेवर असलेल्या दुसऱ्याच कर्मचाऱ्याकडे बोट दाखवले. सबब त्यांच्या ओळखीवर विसंबता येत नाही. पुढे, नवा परिच्छेद..."

तिची बोटं बरोबर चालली होती. ती ऐकायची, आणि अक्षरं पडद्यावर यायची. मध्ये काही नव्हतं. 'विसंबता येत नाही' हेही उमटलं, पूर्णविरामासकट. मग तिने पाहिलं की नवा परिच्छेद सुरू झाला आहे आणि साहेब पुढचं वाक्य बोलत आहेत आणि आपली बोटं कळांवर तशीच आहेत.

"झालं का?"

"सर, मी रजेवर होते," ती म्हणाली. "पण तिथेच होते."

"काय?"

"फुलबाजारात. छायाताईंच्या पॉइंटवर. यांना मी मारलं."

"तेजू," छायाताई दारातून म्हणाल्या. "गप."

भिमाजी पुढे आले. "साहेब, पोरीची तब्येत बरी नाही. जागरणं चालू आहेत परीक्षेची. म्हातारीचं ऐकून मनाला लागलंय तिच्या. मी घेऊन जातो हिला, चहा पाजतो..."

"थांबा, भिमाजी." साहेबांनी भारतकडे पाहिलं. "तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

"बाहेर नको, सर," तेजस्विनी म्हणाली. "त्यांच्यासमोरच." ती उभी राहिली होती. वाक्यं एकामागून एक सरळ येत होती. "जमाव नव्हता. सगळ्या उठल्या होत्या, या एकट्या राहिल्या होत्या. मारायचा आदेश कुणी दिला नव्हता. आधी यांनी कॅरेट माझ्या हातात दिला, त्यावर लोक हसले. मी कॅरेट टाकला. मग या वाकल्या. यांचा हात मला दिसत होता. मग मी मारलं."

साहेब टेबलावरून पुढे झुकले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "तू काय बोलतेस ते तुला कळतंय? गणवेशातली आहेस म्हणून सांगतो. छायाचा जबाब राहिला तर कुणालाच काही होत नाही. तुझा घेतला तर तुला आडोसा नाही. छायाचीही नोकरी जाईल. तिने खोटा जबाब दिला असं होईल."

"तो मीच लिहिला, सर."

"मग आणखीच."

तेजस्विनीने दाराकडे पाहिलं. इथपर्यंत तिने फक्त सरुबाईंच्या हाताचा विचार केला होता. छायाताईंचा केला नव्हता. आज सकाळी डबा खाताना त्यांनी तिला अर्धी भाकरी दिली होती. आता तिला काही बोलायचं होतं, पण माफ करा हे शब्द मगाशीच या खोलीत कुणीतरी वापरून गेलं होतं.

छायाताईंनी टोपी काढली आणि हातात धरली.

"जळगावला होते, साहेब," त्या म्हणाल्या. "मुलीचं ग्राउंड होतं. मीच बोलावलं हिला. रजेवर आहे हे मला माहीत होतं." मग तेजस्विनीकडे न पाहता म्हणाल्या, "मी काय वाकडं केलं होतं गं तुझं?"



सरुबाई इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. कलमं, रजा, जबाब हे त्यांच्या डोक्यावरून गेलं असावं, पण मुद्द्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला.

"म्हणजे तूच व्हतीस."

"हो, आजी."

"अन् मी बराबर वळखलं व्हतं."

"हो."

"मंग मगाशी माझी माफी कशाला घेतलीस?"

 आपण 'असू दे' म्हणालो होतो, एवढंच तेजस्विनीला आठवत होतं, आणि ते आपण किती सहज म्हणालो होतो. सरुबाईंनी तोंड फिरवलं आणि त्या खिडकीकडे पाहत बसल्या. त्यांची सुजलेली बोटं आता त्या चोळत नव्हत्या.

साहेबांनी घंटीकडे हात नेला, मग कुणाला बोलवायचं ते न सुचून तो मागे घेतला. "भिमाजी, तुम्ही बसा संगणकावर. हिचा जबाब हिच्याकडून टाईप करून घेता येणार नाही."

"मला कुठे येतंय, साहेब, ते."

"येईल तसं करा."

भिमाजी तेजस्विनीच्या खुर्चीत बसले. चष्मा वर करून त्यांनी कळा पाहिल्या, दोन बोटं पुढे केली आणि तशीच हवेत धरून ठेवली. तिने वाकून नवीन पान उघडून दिलं आणि बाजूला होऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

भारत अजून उभाच होता. फाईल छातीशी धरून तो हे सगळं ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग यायला आता कुठे सुरुवात झाली होती. पण आधी त्याला एक गोष्ट पक्की करून घ्यायची होती.

"साहेब, वकील म्हनत व्हते, पोलिसावर केस करायची तर सरकारची परवानगी पाहिजे. ती येता येत नाय म्हनले. ती आता लागंल का?"

साहेबांनी समोरच्या कागदांची चळत सरळ केली. भिमाजी पडद्याकडे पाहत राहिले.

"नाही लागणार," तेजस्विनी म्हणाली.

भारतने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, मी तुम्हाला इचारतोय. खरं सांगतीय का ही?"

"हो," साहेब म्हणाले. "खरं सांगतेय."